तुमचं अत्तर माझ्या अंगावर बसत नाही

अक्का, आज सकाळी पुन्हा लावलं. डाव्या मनगटावर एक फवारा, चोळायचं नाही, हात तसाच हवेत धरायचा आणि तीसपर्यंत आकडे म्हणायचे. सगळं तुम्ही शिकवलं तसंच केलं. पहिल्यांदा जे झणकन नाकात चढतं ते जाऊ दिलं आणि मग वास घेतला. गूळ. नुसता गूळ. ढेपेचं फडकं सोडवताना हाताला लागतो तसला ओलसर, चिकट, गोड. अर्ध्या तासानं घेतला, तरी गूळच. दहा वाजता एक बाई ब्लाऊजचं माप द्यायला आल्या. मी टेप घेऊन त्यांच्या खांद्याशी वाकले तर म्हणाल्या, "वैनी, चिक्की केलीया व्हय?" मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

लाकूड येत नाही, अक्का. तुमच्या हातावर जे कोरडं, शांत लाकूड यायचं ते माझ्या हातावर येतच नाही. परवा तुमचं मासिक श्राद्ध झालं. महिनाभर मी रोज सकाळी ह्या एकाच आशेनं उठतेय की आज तरी येईल, आणि रोज नऊच्या आत माझी आशा संपते. मग दिवसभर मशीनवर बसते आणि बॉबिन भरताना उगाच मनगट नाकाशी नेते. बाटलीत आता बोटाच्या पेराएवढं उरलंय. माझी घाबरगुंडी उडालीय, दुसरा शब्द नाही.

तुम्ही गेल्यावर कॉलेजातल्या लोकांनी येऊन तुमच्याबद्दल चांगलं चांगलं सांगितलं. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं, एक बाटली जागची हलली नाही, एका पोरीला अॅसिडचा थेंब उडू दिला नाही. सगळं खरं आहे. मला ते ऐकवेना म्हणून मी चहा करायला उठून गेले. मला त्यांच्यापुढे जे सांगता आलं नसतं ते इथं तुम्हालाच सांगते. तुमची जाऊ म्हणून अठ्ठावीस वर्षं तुमच्या खालच्या मजल्यावर काढली आणि तुमच्याशी सगळ्यात महत्त्वाचं बोलायचं ठेवून दिलं.

हे अत्तर घरात आलं ती दिवाळी तुम्हाला आठवत असेल. आपली सनिका बेंगळुरूहून पहिल्या नोकरीतून सुट्टीला आली आणि सोबत एक पुठ्ठ्याची पेटी घेऊन आली. आत बोटभर उंचीच्या काचेच्या कुप्या, प्रत्येकीवर नुसता आकडा. हे मोठ्या कंपन्यांचं नसतं म्हणाली, एखादा माणूस एकटाच बसून थोडं थोडं करतो. मी एक हुंगली, मला तीन शिंका आल्या आणि मी चकलीच्या सोऱ्याकडे वळले. तुम्ही मात्र ती पेटी मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसलात. कुप्या बघून लॅबवाली बाई गप्प बसणार कशी? दोन्ही मनगटं झाली, कोपर झाले, मग सनिकाचे हात घेतलेत. सातव्या नंबरच्या कुपीला थांबलात. ती पुन्हा हुंगलीत आणि "ही ऱ्हाऊ दे माझ्याकडं" म्हणून पदराला बांधलीत.

मोठे भावजी जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. त्या सात वर्षांत तुम्ही तोंडाला पावडर लावलेलीसुद्धा मी बघितली नव्हती. कुणी लावू नका म्हटलं नव्हतं, आणि लावा असंही म्हटलं नव्हतं. तुम्ही वरच्या दोन खोल्यांत राहायचात, सकाळी कॉलेजला जायचात, संध्याकाळी यायचात, आणि गल्लीत कुणाच्या घरी सवाष्णींचं काही असलं की दार लोटून घ्यायचात. मला ते सगळं साहजिक वाटायचं. आज स्वतःचा राग येतो, पण तेव्हा साहजिक वाटायचं हे खरं.

सातव्या नंबरनं तुम्हाला खाली आणलं. सकाळी आठला तुम्ही निघण्याआधी स्वयंपाकघरात यायचात. माझे हात कणकेत. तुम्ही मनगट थेट माझ्या नाकाखाली धरायचात आणि म्हणायचात, "निरीक्षण सांग. अनुमान नको." लॅबच्या वहीतले रकाने आपल्या ओट्यावर आले होते. मी म्हणायचे, शाळेत पेन्सिलीला टोक काढल्यावर भुसा पडायचा त्याचा वास. तुम्ही मान हलवायचात. संध्याकाळी आल्या आल्या चपला काढायच्या आधी पुन्हा हात पुढे. दिवसभरात काय उरलं ते बघ. मी म्हणायचे, जुन्या कपाटाचा खण. मग तुम्ही खूश. सनिकाला फोनवर सांगायचात, तुझ्या आईला नाक आहे, फक्त ती ते मसाल्याच्या डब्यात घालून बसलीय.

आणि मग आपलं भांडण. तुम्ही म्हणायचात हे लाकडाचं अत्तर आहे. मी म्हणायचे हे गोडाचं आहे, लाकूड नावाला. तुमचं माहेर चंदगडचं. तिथं पाऊस सुरू झाला की चार महिने उसंत नाही, म्हणून तुमच्या घरी सरपण चुलीच्या वर माळ्यावर रचून ठेवायचे आणि ते पावसाळाभर धुरात वाळत राहायचं. तुम्हाला ह्या अत्तरात तो माळा दिसायचा. माझं माहेर गडमुडशिंगी. सुगीत अख्ख्या गावाला काकवीचा वास, कपडे धुतले तरी जात नाही. मला लाकडाच्या मागून तोच यायचा. तुम्ही म्हणायचात, "तुझं नाक मुडशिंगीच्या पुढं सरकंना." मी म्हणायचे, "आन् तुमचं चंदगडच्या एस्टीतनं उतरंना." सव्वा वर्ष हेच चाललं होतं. आज त्या भांडणात मी जिंकलेय, अक्का. माझ्या हातावर गूळच उरलाय. घ्या तुमचं लाकूड परत, असं म्हणायला तुम्ही नाहीत आणि ते द्यायला माझ्याकडं लाकूड नाही.

पुढच्या वाढदिवसाला सनिकानं तुम्हाला अख्खी बाटली पाठवली. आणि त्याच्या पुढच्या संक्रांतीला मी ते केलं.

ते लिहायचं टाळत होते. इतकं सगळं लिहून झालं ते तेवढ्यासाठीच. रथसप्तमीच्या आतलं माझं हळदीकुंकू. समोरच्या सोप्यात, आपल्या बैठकीच्या खोलीत, चाळीसेक बायका, त्यातल्या निम्म्या तुमच्या कॉलेजातल्या मॅडम लोक. त्यांना माझ्याकडे ब्लाऊज शिवायला तुम्हीच आणलं होतं. मी शिवण सुरू केलं तेव्हा ह्या घरात माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्या तुम्ही एकट्या. पहिला ब्लाऊज तुमचाच शिवला होता, बगलेत फुगा आला होता, तुम्ही तो तसाच घालून लॅबमध्ये गेलात आणि चार जणींना सांगितलंत की माझ्या जावेनं शिवलाय. तर त्या सगळ्या बायका बसलेल्या. हळदीकुंकू लावून झालं, वाण वाटून झालं, तिळगूळ झाला, आणि अत्तर लावायला घेतलं तर अत्तरदाणीतला कापूस कोरडा ठणठणीत. मी भरायचीच विसरले होते. मी आत येऊन कपाटं धुंडाळायला लागले. तुम्ही स्वयंपाकघरात मसाला दूध गाळत होतात. काही न विचारता वर गेलात आणि तुमची बाटली घेऊन आलात. "हे लाव सगळ्यास्नी," म्हणालात. तुमचा चेहरा असा उजळला होता की मला तो आता डोळ्यांसमोरून हलवता येत नाही.

मी लावलं. एकेकीच्या हाताच्या पाठीवर एकेक फवारा. सोपा भरून गेला. बायका हात हुंगत होत्या, एकमेकींना हुंगवत होत्या. कुठलं हो हे अत्तर, वैशाली? आणि मी म्हणाले, आमच्या सनिकानं पाठवलंय. तुमचं नाव घेतलं नाही. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला टेकून उभ्या होतात आणि हसत होतात. लावत लावत मी दारापाशी आले. तुमचा हात पुढे आला, अक्का. पुरता नाही, कोपरापासून थोडासा, पाठ वर करून. कदाचित तुम्हालाही कळलं नसेल तो आला ते. मी तो बघितला. आत्याबाई, आपल्या दोघींची सासू, समोर खाटेवर बसून टक लावून माझ्याकडे बघत होत्या. चाळीस बायका बघत होत्या. माझा हात थांबला आणि मी तुमच्या पुढच्या बाईकडे वळले. तुम्ही हात पदराला पुसलात. काही लागलं नव्हतं तरी पुसलात, आणि दुधाचे पेले भरायला आत गेलात.

आठ दिवस मी तुमच्यासमोर आले नाही. नवव्या दिवशी गच्चीवर वाळवण काढायला गेले तर तुम्ही साडी वाळत घालत होतात. मी म्हणाले, अक्का, त्या दिवशी पद्धत म्हणून, आत्याबाई बसल्या होत्या, बायका काय म्हणाल्या असत्या. तुम्ही साडीचं टोक ओढून सरळ केलंत.

"पद्धत तू घातली न्हाईस, मला ठावं हाय," तुम्ही म्हणालात. "पण हात तुझाच हुता की."

तेव्हा मी तुमचे पाय धरायला हवे होते. निदान रडायला तरी. पण मला राग आला. खरं बोललेलं अंगाला लागलं की मला राग येतो, हा माझा जुना रोग तुम्हाला माहीत होता. मी म्हणाले, "मग तुमी तरी कशाला आलासा भायेर? आतच ऱ्हायचं हुतं." हे मी म्हणाले. माझ्या ह्याच तोंडानं. तुम्ही चिमटे लावलेत, रिकामी बादली उचललीत आणि खोलीत गेलात.

त्यानंतर तीन वर्षं आपण किती चांगल्या वागलो. कुणाला कळलंसुद्धा नसेल. तुमच्याकडची आमटी खाली यायची, माझ्याकडची भाकरी वर जायची. सनिका आली की तिघी मिळून तांबडा-पांढरा रस्सा करायचो. मला टायफॉइड झाला तेव्हा तुम्ही रजा काढून माझ्या गिऱ्हाइकांचे हुक-काज केलेत, आणि इतके वाकडे केलेत की मी तापात हसले. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. मानायला लागले असते तर पुढचंही बोलावं लागलं असतं. फक्त तुमचं मनगट कधी माझ्या नाकापुढे आलं नाही. निरीक्षण सांग म्हणून कुणी विचारलं नाही.

तुम्हाला एक माहीत नसेल. सकाळी आठ दहाला तुम्ही जिना उतरून गेलात की वास मागे राहायचा. पायऱ्यांवर, कठड्यावर, चार-पाच मिनिटं. मी नेमकी तेव्हाच झाडू घेऊन जिना झाडायला यायचे. तीन वर्षं रोज, पावसाळ्यातही. हे म्हणायचे, अगं दुपारी झाड की, आत्ताच तर लोकं वरखाली करत्यात. मी ऐकलं नाही. एका पायरीवर थांबायचे, वास घ्यायचे आणि मनात म्हणायचे, पेन्सिलीचा भुसा. म्हणजे निरीक्षण मी रोज सांगत होते. फक्त तुम्ही फाटकाबाहेर गेल्यावर.

मग त्या सोमवारी तुमच्या लॅबमधून फोन आला. प्रॅक्टिकलच्या आधी बाटल्या मांडता मांडता पडलात. मेंदूत रक्तस्राव झाला, डॉक्टरांनी दोन दिवस सांगितले आणि दोनच दिवस मिळाले. तुम्ही डोळे उघडले नाहीत. मी काचेबाहेरून बघत होते आणि आत सोडलं की तुमच्या कानाशी काहीतरी बडबडायचे. काय ते मला आता आठवत नाही. माफी मागितली का? मागितली असेल असं मी रोज स्वतःला सांगते. पण मला आठवत नाही, अक्का.

तुम्हाला घरी आणून सोप्यात निजवलं. बायका अंघोळ घालायला जमल्या. मला साडी आणायला वर पाठवलं. कपाट उघडलं आणि साडीच्या शेजारी ती बाटली. मी ती उचलली आणि पदराखाली मुठीत धरून खाली आले. मनात ठरलं होतं. आज लावायचं. हाताच्या पाठीवर, जिथं लावायचं राहिलं तिथं. अंघोळ झाली, साडी नेसवली, कुणी अबीर लावला, कुणी हार घातला. मी तुमच्या डाव्या हाताशी बसले होते. आत्याबाई खाटेवर, नजर माझ्यावर. पदराखाली माझी मूठ घामानं ओली झाली. आत्ता, ह्यानंतर, ह्या बाई बाजूला झाल्या की. आणि मग बाहेरून कुणीतरी म्हणालं, चला, उचला. उचललंच की. मी बाटली मुठीत धरून बसून राहिले. तुम्हाला तुमचा वास नसताना नेलं.

तेव्हापासून मी लावतेय. आधी दोन-चार दिवस तुमच्यासाठी म्हणून. मग मला तुमचा वास हवा झाला आणि तो येईना, तेव्हा माझं डोकं फिरलं. सनिका फोनवर म्हणाली, अगं प्रत्येकाच्या कातडीवर वेगळा येतो, काकूच्या अंगाचा त्यात भाग होता. मी म्हटलं, मग तो भाग आणते. तुमचा साबण वापरायला लागले. लसूण सोडला, तुम्ही खात नव्हतात म्हणून. टाल्कम बंद. तुमचा जुना सुती ब्लाऊज उसवून माझ्या मापाचा केला आणि तो घालून लावलं. जिन्याच्या कठड्यावर लावून बघितलं, लाकूड लाकडावर तरी येईल म्हणून. कंगव्यावर लावलं. ह्यांच्या हातावर लावलं तर हे म्हणाले, "आता बास की वैशाली, घर हाय का अत्तराचं दुकान?" आणि मग माझं तोंड बघून चपला घालून बाहेर गेले. सनिका नवी बाटली मागवते म्हणाली, तिच्यावर मी इतकी ओरडले की ती रडली. नवी नको. ह्या बाटलीच्या फवाऱ्याचं बोंडूक तुमच्या बोटानं दाबलेलं आहे. हे संपलं की मी काय करू ते मला सांगा.

हे सगळं मी आत्याबाईंच्या नावावर टाकून चालले होते, अक्का. खोटं बोलत नाही. रोज गूळ आला की मनातल्या मनात म्हणायचे, त्या खाटेवर बसल्या नसत्या तर. ती नजर नसती तर. त्यांना जेवायला वाढताना ताट जरा आपटायचे. त्यांना कळत होतं की नाही कोण जाणे.

काल दुपारी त्यांनी मला खाटेशी बोलावलं. हात दाव म्हणाल्या. मी दाखवला. त्यांनी माझं मनगट नाकाशी धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. मग म्हणाल्या, "न्हाय. तिचा न्हवं ह्यो वास."

मी तिथंच फुटले. जे महिनाभर, तीन वर्षं साठलं होतं ते सगळं बाहेर आलं. संक्रांतीचा हात सांगितला, गच्चीवरचं सांगितलं, पदराखालची मूठ सांगितली. शेवटी म्हणाले, तुमच्या धाकानं लावलं न्हाय मी, दोन्ही खेपेला तुमी बघत हुता.

"मी कवा नको म्हटलं गं?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्या संक्रांतीला मला काय दिसत हुतं? डोळ्यांत सगळं पांढरं. आवाज येईल तिकडं बघत बसायचं."

मोतीबिंदू. त्याच वर्षी चैत्रात ऑपरेशन झालं. मीच घेऊन गेले होते, मीच डोळ्यांत थेंब घातले होते. संक्रांत आधी आणि ऑपरेशन नंतर अशी जुळवाजुळव करावी असं मला तीन वर्षांत एकदाही सुचलं नाही. मी विचारलं, आणि अक्कांना नेलं त्या दिवशी? तेव्हा तर दिसत होतं.

"दिसत हुतं की. पदराखाली काय हाय त्येबी कळत हुतं मला. आता काढंल, मग काढंल म्हणून बघत बसलेली. म्हणावं लाव, तर तोंडातनं शब्द फुटंना. पोटची लेक गेल्यागत झालतं मला."

मी त्यांच्या खाटेला धरून खाली बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, मलाबी लावायची की ती.

मला आधी कळलंच नाही. त्यांनी सावकाश सांगितलं. त्या संक्रांतीनंतर सुरू झालं. शनिवारी मी अस्तर आणि दोरे आणायला आपल्या उचगावातून शहराच्या बाजारात जायचे, मला दोन-अडीच तास लागायचे. मी गेले की तुम्ही खाली यायचात. आत्याबाईंच्या हाताच्या पाठीवर एक फवारा, आणि मग खाटेवर दोघी बसायचात. त्यांना तुम्ही चंदगडचा माळा सांगितला होता. त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं की मामंजी गेल्यावर त्यांच्या हाताला कुणी अत्तर लावलं नव्हतं, तीस वर्षं. माझी यायची वेळ झाली की तुम्ही वर जायचात.

"मला का सांगितलं न्हाईसा?" मी विचारलं.

"तिनं सांगू दिलं न्हाय," आत्याबाई म्हणाल्या. "म्हणायची, वैशाली आली की तिला वास यील. ती इचारंल, आत्याबाई, आज कुणी लावलं. तेवढं इचारू दे तिनं. मग मला हाक मारा, मी वर दारातच हाय."

दर शनिवारी? मी विचारलं. दर शनिवारी, त्या म्हणाल्या.

मला वास यायचा, अक्का. हे तुम्हाला आता सांगून काय उपयोग, पण यायचा. पिशवी खाली ठेवायच्या आधी यायचा. जिन्यावरून येत असेल असं मी स्वतःला सांगायचे, पण शनिवारी तुम्हाला सुट्टी असायची आणि तो जिन्यावरून येत नसायचा, खाटेकडून यायचा, हे मला पक्कं कळायचं. विचारलं की विषय निघेल, विषय निघाला की मला चुकले म्हणावं लागेल, म्हणून मी विचारायचे नाही. कुणी अडवलं नव्हतं. कुणाची नजर नव्हती. मी पिशवीतून अस्तर काढून ठेवायचे आणि आत्याबाईंना म्हणायचे, चहा टाकते. तुम्ही वर दारात उभ्या असायचात आणि मी खाली चहा गाळत असायचे.